सुई घेतल्यावर अंगावर उठलं, तर थांबायचं कधी आणि धावायचं कधी?



दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि नेहमीप्रमाणे मला दाराशीच गाठलं. "ताई, जरा बघता का?" एक नाही, तिघं होते. एका नव्या आईने दीड महिन्याचं बाळ पुढे केलं. त्याच्या डाव्या दंडावर फोड आलेला आणि फोडातून पू. बिचारीला दोन रात्री झोप नव्हती. दुसरी बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. कुत्रं चावल्यावर त्याला सुया चालू केल्या होत्या आणि दोन्ही दंड खाजत होते, म्हणून तिने पुढची सुई दिलीच नव्हती. तिसऱ्या एक आजी. त्या तर दाखवायला आल्याच नव्हत्या. सून म्हणाली, "गुडघ्यासाठी कमरेत सुई घेतली त्याला सहा दिवस झाले, नीट बसता येत नाही त्यांना." आजी म्हणाल्या, "काही नाही गं, सुईची गाठ आहे, जिरेल."

बाळाला काहीही झालेलं नव्हतं. मुलाच्या दंडालाही धोका नव्हता, धोका होता तो सुई चुकवल्याचा. आणि ज्या आजी हसत होत्या, त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं. वस्तीत मी हे पुन्हा पुन्हा पाहते. जिथे घाबरायचं नसतं तिथे आपण रात्र जागून काढतो आणि जिथे धावायचं असतं तिथे हळदीचा लेप लावून बसतो. म्हणून या वेळचं पान इंजेक्शननंतर कातडीवर जे उठतं त्याच्यासाठी.

पहिला अर्धा तास

लसीच्या ठिकाणी "अर्धा तास बसून जा" असं सांगतात. आपल्याला घाई असते. चूल राहिलेली, पाण्याची वेळ झालेली. पण हा अर्धा तास उगाच ठेवलेला नाही. औषधाची जी सगळ्यात वाईट रिॲक्शन असते, ती इंजेक्शननंतर बहुतेक वेळा याच वेळात सुरू होते. पेनिसिलिन, सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी अँटिबायोटिक, दुखण्यावरची इंजेक्शनं, सर्पदंशावरचं औषध, लस, यांपैकी कशानेही ती होऊ शकते. लसीने फारच क्वचित होते. आधी तेच औषध सोसलेलं असलं तरी या वेळी होऊ शकते. आणि कातडीखाली थोडं औषध टोचून जी "टेस्ट" करतात, ती चांगली आली म्हणजे शंभर टक्के खात्री झाली असंही नाही.

सुरुवात पुष्कळदा कातडीवरच होते. तळहात-तळपाय खाजतात, कान गरम होतात, अंगावर पित्त उठावं तशा गांधी येतात, ओठ किंवा डोळ्यांच्या पापण्या सुजतात. तेवढ्यावर थांबलं तरी ताबडतोब नर्सला सांगायचं. पण त्यासोबत दुसरं काही आलं, म्हणजे आवाज घोगरा झाला, घशात आवळल्यासारखं वाटलं, छातीत शिट्टी वाजू लागली, उलटी किंवा पोटात कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो नुसता पित्ताचा प्रकार राहिला नाही. आता हिशोब मिनिटांचा आहे. कधीकधी कातडीवर काहीच उठत नाही आणि माणूस सरळ कोसळतो, हेही लक्षात असू द्या.

यावरचं खरं औषध एकच, ॲड्रेनालिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. एविल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन नंतर द्यायला हरकत नाही, पण ॲड्रेनालिनची जागा ती घेऊ शकत नाहीत. खाज आली म्हणून एविलची गोळी देऊन पेशंटला घरी झोपवणं, आणि तिकडे त्याचा श्वास अडकत असणं, यात माणसं गेली आहेत. लसीकरणाला येणाऱ्या एएनएम ताईंकडे ॲड्रेनालिनचा डबा असतो आणि पहिला डोस देण्याची त्यांना मुभा आहे. गल्लीतल्या ज्या खोलीत सुई मारतात तिथे हे औषध आहे का, हे एकदा विचारून बघा. उत्तर काय येतं त्यावरून तिथे सुई घ्यायची की नाही ते ठरवा.

घरी पोहोचल्यावर असं झालं तर १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर रिक्षा धरा. पेशंटला आडवं झोपवा आणि पाय उशीवर उंच ठेवा. दम लागला असेल तर टेकून बसवा, गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. त्याला उभं करू नका, चालवू नका, "लघवीला जाऊन ये" म्हणू नका. उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम पडतो. पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका. दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभं न राहता सरळ कॅज्युअल्टीत जा आणि पहिलं वाक्य हेच बोला: "इंजेक्शन घेतल्यावर एवढ्या मिनिटांनी हे झालं." बरं वाटल्यावरही लगेच घरी आणू नका. काही तासांनी तोच त्रास परत उलटू शकतो, म्हणून ते ठेवून घेतात.

सुईच्या भीतीनेही माणसं भोवळ येऊन पडतात. ते वेगळं. त्यात चेहरा फिका पडतो, थंड घाम येतो, पण अंग खाजत नाही, गांधी येत नाहीत, श्वास अडकत नाही, आणि आडवं केलं की एक-दोन मिनिटांत माणूस बोलू लागतो. फरक कळत नसेल तर मात्र वाईटच धरून चाला.

लाल दिसेल याची वाट पाहू नका

आता माझी स्वतःची चूक सांगते. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वॉर्डात नाइट ड्युटी, मी नवीन. एका बाईला शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं. माझ्यासारखीच सावळी, किंबहुना माझ्यापेक्षा काळी. ती म्हणाली, "सिस्टर, हात खाजतायत." मी तिची बाही वर केली, बॅटरी मारली, काहीच लाल दिसलं नाही. मी म्हटलं, डास असतील. पाच मिनिटांत तिचा आवाज जड झाला आणि तिला उलटी झाली. मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी बघितलंच नाही, सरळ तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझाही हात धरून फिरवला. पाठभर गांधी होत्या, हाताला टचटच लागत होत्या, माझ्या डोळ्यांना तेवढ्या दिसल्या नव्हत्या. सिस्टरांनी औषध बंद केलं आणि मांडीत ॲड्रेनालिन दिलं. सकाळी ती बाई उठून बसली होती आणि पेज मागत होती. मी मात्र पुढचे कित्येक दिवस ती बॅटरी हातात घेतली की ओशाळायचे.

मी डिप्लोमाला शिकले ती पुस्तकं "लाल चट्टे" म्हणत आणि त्यातले फोटो गोऱ्या कातडीचे. आपल्या अंगावर लाली लालीसारखी दिसत नाही. ती जांभळट दिसते, तपकिरी दिसते, कधी नुसती आजूबाजूपेक्षा काळी. गडद रंगावर तर काहीच दिसत नाही. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भिस्त ठेवा. हाताचा पालथा भाग सुईच्या जागेवर ठेवा, मग दुसऱ्या बाजूच्या दंडावर किंवा कमरेवर त्याच ठिकाणी ठेवा. एक बाजू गरम लागते का? कातडी ताणलेली, चकचकीत झाली आहे का? बोटाने दाबल्यावर घट्ट लागते की मऊ? गांधी बघायच्या तर माणसाला खिडकीशी उभं करा. प्रकाश समोरून न येता बाजूने पडला की उंचवटे दिसतात. ओठांची आतली बाजू, पापणीची आतली बाजू, तळहात, तळपाय इथे रंगाचा बदल लवकर कळतो. आणि "खाजतंय", "ठणकतंय" असं माणूस सांगतो आहे, तर दिसत नाही म्हणून त्याला खोटं पाडू नका. दवाखान्यात कोणी "काही दिसत नाही" म्हणालं तर नम्रपणे म्हणा, "हात लावून बघा."

अजून एक साधी गोष्ट, बॉलपेनची. सूज जिथे संपते तिथे पेनाने गोल रेघ मारा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. चार-सहा तासांनी बघा. सूज रेघेच्या आत असेल तर बहुतेक ती उतरणीला आहे. रेघ ओलांडून बाहेर पसरली तर वाट बघायची वेळ संपली. डॉक्टरलाही ती रेघ तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते.

बाळाच्या दंडावरचा पू

बीसीजीची लस जन्मल्यावर डाव्या दंडात, कातडीच्या अगदी वरच्या थरात देतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे बारीक पुटकुळी येते, मोठी होते, फुटते, थोडा पू येतो, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत बारका व्रण ठेवून बरी होते. ही लस आपलं काम करते आहे त्याची खूण. तिला काही लावायचं नाही. हळद नाही, पावडर नाही, सोफ्रामायसिन नाही, कच्च्या बटाट्याची चकती नाही. पिळून पू काढायचा नाही. आंघोळ घालायची, टिपून कोरडं करायचं, सैल झबलं घालायचं. बाळाच्या डाव्या काखेत लिंबाएवढी गाठ वाढू लागली, गाठ मऊ होऊन फुटायला आली, किंवा जखम तीन-चार महिने भरलीच नाही, तर मात्र दाखवा.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मांडीत जी पेंटाव्हॅलंट देतात, तिच्यानंतर ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरतं. एक-दोन दिवसांत उतरतं. वाटाण्याएवढी टणक गाठ काही आठवडे राहिली तरी चालते, दुखत नसली आणि वाढत नसली तर. थंड पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं दहा मिनिटं ठेवा. चोळू नका, तव्यावर गरम केलेल्या कापडाने शेकू नका, एवढ्याशा कातडीला लगेच भाजतं. तापाचं औषध एएनएम ताईंनी सांगितलं तेवढंच द्या. सूज तिसऱ्या दिवशीही वाढत असेल, गुडघ्यापर्यंत उतरली असेल, बाळ पाय हलवत नसेल, तीन तासांहून जास्त वेळ रडं थांबत नसेल, दूध ओढत नसेल किंवा झटका आला असेल, तर त्याच वेळी दवाखाना.

नव्या आईला मी एवढंच सांगितलं की घरी जा आणि झोप. तिच्या सासूबाईंनी मात्र लेप तयार ठेवला होता, त्यांची समजूत घालायला जास्त वेळ गेला.

कुत्र्याची सुई

सरकारी दवाखान्यात रेबीजची लस बहुतेक ठिकाणी दोन्ही दंडांत, कातडीत थोडी थोडी टोचतात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत दिलेल्या लसीला खाज सुटते, बारीक गाठ येते, आजूबाजूला थोडं सुजतं. हे इतकं नेहमीचं आहे की नाही झालं तरच आम्ही दुसऱ्यांदा बघतो. दोन-चार दिवसांत जातं. थंड फडकं ठेवा, मुलांची नखं कापा म्हणजे ओरबाडणार नाहीत.

त्या मुलाच्या आईला वाटलं, सुई सोसवत नाही, आणखी दिली तर वाढेल. सातव्या दिवसाची सुई चुकली होती. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिला हे कोणी समजावून सांगितलेलंच नव्हतं. पण रेबीज एकदा लागला की त्यातून माणूस वाचत नाही. खाजेच्या भीतीने लस सोडणं म्हणजे काय, हे तिला कळलं तशी ती रडायला लागली. सोमवारी सकाळी आम्ही गेलो. उशीर झाला तरी राहिलेली सुई घ्यायला जायचंच, पुढच्या तारखा तिथले डॉक्टर बसवून देतात. लस घेतल्यावर खरोखरच अंगभर गांधी आल्या किंवा श्वास लागला, तरीही आपल्या मनाने लस बंद करायची नाही. दवाखान्यात सांगायचं, ते दुसऱ्या प्रकारची लस, पुरेशी तयारी ठेवून देतात.

आजींची गाठ

आजींच्या कमरेवर बघायला गेले तर काळपट डाग, बस. सुनेने तेच बघितलं होतं. मी पालथा हात ठेवला आणि चटका बसावा इतकं गरम. आत बोटाखाली लिबलिबीत. आजींना साखर आहे. चार दिवस त्यांनी विटेचा शेक घेतला होता.

हे गळू. सुईवाटे किंवा कातडीवरून जंतू आत गेले की होतं. साध्या दुखण्यात आणि यात फरक ओळखायचा तो दिवसांवरून. साधी सूज पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. गळू उलटं वागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढत जातं, रात्री ठणका लागतो, जागा गरम होते, ताप आणि थंडी येते, जांघेत अवधाण येतं. असं झालं की त्याच दिवशी दवाखाना. साखरेचा पेशंट, गरोदर बाई, लहान मूल, एचआयव्हीची किंवा कॅन्सरची औषधं चालू असलेला माणूस असेल तर त्याहून लवकर. गळू शेकून, सुई टोचून, दाबून घरी फोडू नका. पू आत पसरतो. आजींचं गळू पालिकेच्या दवाखान्यात चिरा देऊन काढलं, वाटीभर पू निघाला. ड्रेसिंग अजून चालू आहे. थोडक्यात निभावलं, कारण साखरेच्या अंगात असा पू मांसात उतरायला वेळ लागत नाही.

कधी गळू अंगठ्याएवढंच असतं, ताप नसतो, पण दीड-दोन महिन्यांनी सुईच्या जागी गाठ येते, फुटते, बुजते, परत फुटते. नेहमीच्या गोळ्यांनी हटत नाही. नीट न उकळलेल्या अवजारांतून आणि पाण्यातून येणारे वेगळ्या जातीचे जंतू असं करतात. तिथे पू तपासायला पाठवा म्हणून मागणी करावी लागते.

मी आजींना विचारलं, कुठलं औषध होतं? माहीत नाही. बाटली बघितली का? नाही. सुई पाकिटातून काढली का? "ताटलीतून घेतली वाटतं." इथे मी जरा रागावले, आजींवर नाही. आपल्या वस्त्यांत "सुई मारली" हाच उपचार झाला आहे. गोळीचे पाच रुपये, सुईचे शंभर. बहुतेक गुडघेदुखी, ताप, अशक्तपणा यांना सुईची गरजच नसते, गोळीने तेच काम होतं आणि गोळीने कमरेत गळू होत नाही. खरंच गरज असेल तर सुई-सिरिंज तुमच्या समोर सीलबंद पाकिटातून काढायला सांगा. असं सांगायला लाजायचं काय? दुकानात आपण दुधाची पिशवी फुटकी आहे का ते बघून घेतोच ना?

दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकसारख्या इंजेक्शनाचा आणखी एक प्रकार क्वचित होतो, पण माहीत असावा. सुई आत जाताच जीव जाईल अशी कळ येते, जागा आधी पांढरट पडते आणि काही तासांत जाळीसारखे निळे-जांभळे पट्टे उमटतात. तिथला रक्तपुरवठा बंद पडतो आणि कातडी पुढे काळी पडून मरते. हे उद्यावर टाकायचं नाही, शेकायचं नाही, बर्फही लावायचा नाही. त्याच तासाला मोठा दवाखाना. तसंच कमरेत सुई घेताना पायात वीज गेल्यासारखं झालं आणि पाऊल बधिर पडलं किंवा उचलेना, तर तो कातडीचा नव्हे, नसेचा मामला आहे. तोही त्याच दिवशीचा.

आणखी काही सुया

घरी इन्सुलिन घेणारे रोज एकाच जागी टोचतात, कारण तिथे दुखत नाही. का दुखत नाही? तिथे चरबीची गादी तयार झालेली असते. अशा गादीत टोचलेलं इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी एकदम, आणि साखर वर-खाली होते. आंघोळीच्या वेळी पोटावर, मांडीवर बोटं फिरवून बघा, रबरासारखं लागलं तर ती जागा काही महिने सोडून द्या. जागा सोडल्यावर साखर एकदम उतरू शकते, म्हणून डॉक्टरला सांगून करा. रोज आधीच्या जागेपासून दोन बोटं दूर टोचा.

अंतराची सुई घेणाऱ्या भगिनींनो, ती जागा चोळू नका, शेकू नका. चोळल्याने औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिन्यांचं संरक्षण कमी पडू शकतं. पाळी बदलते हा वेगळा विषय, त्यावर पुढे लिहीन.

गरोदरपणात रक्त वाढवायला सलाईनमधून लोहाचं औषध देतात. ते शिरेबाहेर झिरपलं तर जळजळतं आणि कातडीवर तपकिरी डाग बसतो, तो कित्येक महिने, कधी त्याहून जास्त राहतो. म्हणून जळजळ सुरू होताच "सिस्टर, बंद करा" म्हणून ओरडा. संकोच करू नका, आम्ही त्यासाठीच तिथे असतो. सलाईन काढल्यावर शीर दोरीसारखी कडक आणि दुखरी लागली तर कोमट ओलं फडकं ठेवा, उतरतं. पू, ताप किंवा हातभर वर चढत जाणारा पट्टा दिसला तर दाखवा. सांध्यात किंवा जुन्या व्रणाच्या गाठीत दिलेल्या स्टेरॉइडने काही आठवड्यांनी कातडी फिकी पडते, खळगा पडतो. आपल्या रंगावर तो पांढरा डाग लगेच डोळ्यांत भरतो आणि लोक कोड समजून घाबरवतात. ते कोड नाही. पुष्कळदा हळूहळू भरून येतं.

चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी

काही रिॲक्शन उशिरा येतात, तेव्हा कोणाला इंजेक्शन आठवतही नाही. सापाच्या विषावरचं औषध किंवा रेबीजचं सीरम घेतल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ताप, सांधेदुखी आणि अंगावर पित्त उठलं तर त्याचाच संबंध असू शकतो. दवाखान्यात तसं सांगा. आणि कुठल्याही औषधानंतर, सुई असो की गोळी, ताप येऊन डोळे लाल झाले, तोंड आतून सोलपटलं, कातडी खाजण्याऐवजी जळू-दुखू लागली, फोड आले किंवा बोट लावल्यावर साल निघू लागली, तर औषध बंद करून त्याच दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. देवी आल्या म्हणून लिंबाच्या पाल्यावर झोपवू नका. यात भाजल्यासारखी कातडी जाते आणि जीवही जातो.

एक चिठ्ठी

हे सगळं टिकतं कशावर, तर औषधाच्या नावावर. दर वेळी इंजेक्शन घेताना मोबाईलवर बाटलीचा फोटो काढा. लिहून दिलेला कागद मागा. बेड असलेल्या खाजगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांपासून बंधनकारक आहे, त्यात आपल्याला काय उपचार दिले हे कळण्याचा हक्क आहे. एखाद्या औषधाने गांधी आल्या, सूज आली, श्वास अडकला, तर जाडशा कागदावर औषधाचं नाव, तारीख, किती वेळाने काय झालं, काय दिल्यावर उतरलं, एवढं डॉक्टरकडून लिहून घ्या आणि आधार कार्डासोबत ठेवा. पुढच्या प्रत्येक दवाखान्यात आधी तो कागद, मग बाकीचं. मात्र नुसतं दुखलं, मळमळलं, जागा सुजली म्हणून "मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे" असं सांगत फिरू नका. उपयोगाचं औषध आयुष्यभरासाठी आपणच बंद करून घेतो.

औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार सामान्य माणूसही नोंदवू शकतो. सरकारचा मोफत नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी दिवसा चालू असतो. औषधाचं नाव आणि बॅच नंबर हाताशी ठेवून फोन करा.

त्या मुलाच्या शेवटच्या सुईची तारीख विहारातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवली आहे. त्याच्या आईने स्वतःच लिहिली. दंड अजून खाजतो म्हणते, पण आता ती खाजेबद्दल बोलताना हसते.